डिझेलची माती आणि मामांचं नाक

वाटूरच्या फाट्याजवळचा आमच्या शेताचा एक तुकडा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेट्रोल पंपाला भाड्याने दिला होता. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी पंप बंद पडला. जमिनीत पुरलेली टाकी क्रेनने वर काढली, तेव्हा तिच्या तळाची पार चाळण झालेली होती. किती डिझेल जिरलं होतं ते टाकीला ठाऊक आणि मातीला. मामांना एवढंच कळलं, की जमीन परत आली पण तिच्यात पेरता येणार नाही. पेरणीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि मला फार वाईट वाटायचं.

पंपवाल्यांकडून एक साहेब आले. माती वर काढून पातळ पसरा, शेणखत घाला, ओल ठेवा, सारखी खालीवर करत राहा. मातीतले जीवजंतूच डिझेल खाऊन टाकतील, असं त्यांनी समजावलं. वास गेल्याशिवाय बी टाकू नका, असंही बजावलं आणि जे गेले ते गेलेच.

मामा कामाला लागले. नांगर, वखर, खत, पाणी, सगळं अगदी बराबर. फक्त पेरणी तेवढी नाही. फाट्यावरच्या हॉटेलात लोक विचारायचे, यंदा डिझेलला उतारा कसा आहे. घरचं सगळं शेणखत त्या रिकाम्या तुकड्यात जातं म्हणून सासूबाई वेगळ्याच धुसफुसायच्या.

मामा रोज सकाळी एक ढेकूळ फोडून नाकाशी धरायचे. ऐन थंडीत एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की वास गेला. मग टिंगल करणाऱ्यांची तोंडं बंद करायची म्हणून त्यांनाच हुरड्याचं आवतण दिलं, तेही त्याच तुकड्यावर. कणसं दुसऱ्या वावरातली, पण आगटी इथेच. गोवऱ्या पेटवून कणसं भाजायचा तो खड्डा मामांनी स्वतः हातभर खोल खणला. वरची माती धुतल्या तांदळासारखी झाली होती. खालचीला कुणी विचारलंच नव्हतं.

निखारे फुलले, जमीन तापली आणि खालून वास वर आला, एसटी स्टँडवर गाडी चालू ठेवल्यासारखा. पाहुण्यांचे हात चटणीवरच थांबले. एकाने विडी काढली होती, ती त्याने गुपचूप खिशात ठेवली. मामा मात्र मजेत कणसं चोळत बसले होते.

"खाऊन का न्हाई राह्यले? गरम हाय तवर खा," ते म्हणाले.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. रोज हुंगून हुंगून मामांच्या नाकाला तो वास कळेनासाच झाला होता. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "वास येऊन राह्यला. डिझेलचा."

मामांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. पाहुणे उठले. जाताना त्यांच्यातला एकही हसला नाही, आणि मामांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खालची माती उपसायला घेतली. पुन्हा पसरणं, पुन्हा खत, पुन्हा वखर. आता रोज सकाळी ढेकूळ माझ्या हातात यायचं, "सांग पोरी." मी हुंगायची आणि सांगायची, "येतो, मामा." चहाच्या आधीच त्यांना असं नाराज करणं माझ्या जिवावर यायचं. खोटं बोलावं असंही मनात यायचं, पण ती आगटी आठवायची.

पुढच्या रब्बीच्या तोंडावर एका सकाळी मातीला नुसता मातीचा वास आला. मी पुन्हा हुंगून पाहिलं. "नाही येत, मामा."

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "तुझं बी नाक गेलं का?"

ढेकूळ घेऊन ते तडक सासूबाईंकडे गेले. त्यांनी पदराला हात पुसले, बराच वेळ हुंगलं आणि आत गेल्या. मामा तसेच दारात उभे. सासूबाई बाहेर आल्या त्या ज्वारीच्या बियाण्याचं टोपलं घेऊन. ते त्यांनी मामांपुढे ठेवलं, तसे मामांचे डोळे भरून आले.

"पेरा आता," त्या म्हणाल्या. "आगटी मातर दुसऱ्या वावरात करा."