उत्तरापोशन

मुकुंद गर्गे शुक्रवारी पहाटे पंचवटीतल्या राहत्या घरी झोपेत गेले. वय अठ्ठ्याहत्तर. मी मालेगावला कामावर होतो. दुपारी फोन आला. त्याला आज पाच आठवडे झाले.

आमच्या वर्तमानपत्रात ते मुद्रितशोधक होते. निवृत्तीनंतर पत्नी गेली आणि ते एकटे राहू लागले. माझी सुट्टी गुरुवारची. दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. त्यांचं मूळ घर त्र्यंबकेश्वरचं, यजमानांच्या पंगती वाढण्यात लहानपण गेलेलं. जेवण संपत आलं की ते उजव्या तळहातावर पाणी घेत आणि तसेच बसून राहत... पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उत्तरापोशन." 'आपः' म्हणजे पाणी, 'अशन' म्हणजे सेवन. जेवणाआधीचा घोट हे अन्नाखालचं अंथरूण, शेवटचा घोट हे अन्नावरचं झाकण. शेवटचा, म्हणून उत्तर. पंगतीतल्या थोरल्याने तो घेईपर्यंत कोणी उठायचं नाही.

"मग घ्या की, काका. पाणी गळून चाललंय."

"गळू दे, परत घेईन. तू ताक पी, बातमीदार."

ते तीन-तीनदा पाणी घेत. तेवढ्या वेळात त्र्यंबकच्या पंगतींचे किस्से होत, आमच्या पेपरातल्या जुन्या चुका निघत. तास जाई.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी चांदवडजवळच्या अपघाताचा फोन आला. मी उठलो. त्यांच्या तळहातावर पाणी होतं.

"थांब रे, एवढं घेतो..."

"काका, तुमचं झाकण लागेपर्यंत पेपर छापून होईल!"

ते हसले. मी हात धुऊन निघालो. दारातून वळून पाहिलं तेव्हा हात तसाच होता.

त्यानंतर मी गेलो नाही. भांडण नव्हतं. दोनदा त्यांनी फोनवर विचारलं, "गुरुवारी येतोयस ना?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "बघतो."

गेल्या आठवड्यात सुनीताताई भेटल्या. त्या काकांना जेवणाचा डबा पोचवत. म्हणाल्या, "गुरुवारचे दोन असायचे. मी म्हटलं, काका, ते साहेब येत नाहीत आता, एकच देऊ का? तर म्हणाले, असू दे, दोनच दे."

त्या शुक्रवारी सकाळी त्या आदल्या दिवशीचे डबे न्यायला गेल्या होत्या. एक घासून पालथा घातलेला होता. दुसरा भरलेला होता.