हेलिकॉप्टरवाला अण्णा

"गेलेल्या माणसाबद्दल हसून बोलायचं न्हाई. आन् कामून म्हणून विचारायचंबी न्हाई!" हा आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, नियम. अडचण एवढीच, की माझा भाऊ शिवराज, आमचा अण्णा, हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायचा आणि त्याचे सगळेच किस्से हसायचे! आमच्या खटकचिंचोळी गावात कुणीही दोघं भेटले की एक निघतो, चहा येईपर्यंत तीन होतात. मी गुलबर्ग्याला कॉलेज शिकले ते काय गप्प बसायला?

अण्णासाठी मुलगी बघायला आम्ही मन्नाएखेळ्ळीला गेलो. हायवेवरचं गाव, जो तो लॉरीच्या धंद्यात. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगं काय चालवतंय?"

"हेलिकॉप्टर."

"स्वतःचं का दुसऱ्याचं?"

अण्णा गंभीरपणे म्हणाला, "सरकारचं हाय मामा. पर तेल मला टाकावं लागत न्हाई!"

लग्न ठरलं. महादेवी वहिनी घरात आली.

हा आभाळात घिरट्या घालणारा गडी हुमनाबादच्या बसमध्ये मात्र हमखास ओकायचा! एकदा कंडक्टरनं हातावर लिंबू ठेवत विचारलं, "साहेब, वर कसं करता हो?"

"वर मीच चालवतो की! तुमच्या ड्रायव्हरवर माझा भरवसा न्हाई."

एका सुट्टीत खळ्यावर ज्वारी उफणायची होती आणि वारा पडलेला. अप्पा म्हणाले, "शिवराज, तुझं ते मशीन आणून हितं उभं कर की. पंखा फुकटच फिरायलाय."

"आणतो की अप्पा. मग ज्वारी वेचायला उदगीरला जावा!"

पुढं त्याला शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत पाठवलं. जखमी जवानांना उचलायला तो गोळीबारात उतरला. पहिल्या फेरीतले सुखरूप आले. तो लगेच परत गेला. दुसऱ्या फेरीत त्याला गोळी लागली; जवान वाचले, अण्णा वाचला नाही.

त्याचा एक सोबती घरी भेटायला आला. मग म्हणाला, "भाभीजी, वो मूंगफली की चटनी मिलेगी? पूरे मेस को रुलाया था उसने!"

वहिनी तिखटजाळ शेंगाचटणीचा डबा घेऊन आली आणि कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली. अप्पा लगेच खाकरले. ती आत गेली.

अण्णाला जाऊन वर्ष झालं. गावच्या शाळेत अण्णाचा फोटो लावायचं ठरलं. वहिनीनं त्याचा हसरा फोटो पेटीतून काढून दिला. म्हणाली, "गौरीला बाप आठवत न्हाई. तिला ह्योच दाखवायचाय."

गौरी म्हणजे त्यांची लेक, तीन वर्षांची.

"ह्यात दात दिसायलेत," म्हणत अप्पांनी फोटो बाजूला ठेवला आणि हुमनाबादच्या पेंटरला गाठलं. तो लॉऱ्यांच्या मागं वाघ काढायचा!

कार्यक्रमात पडदा सरकला. लाल डोळे, ढालीसारखी छाती आणि कानापर्यंत गेलेली मिशी! अण्णानं जन्मात मिशी ठेवली नव्हती.

मी पुटपुटले, "अप्पा, हे काय?"

"वीराला मिशी पाहिजे! तू गप बस."

गौरी वहिनीच्या पदरात तोंड लपवून रडायला लागली. "आई, ह्यो कोण?"

वहिनीनं तिचे डोळे पदरानं पुसले.

"सुमे, ऊठ," अप्पांनी भाषणाचा कागद पुढं केला. "वाच."

मी उठले. कागद त्यांच्या हातात परत दिला.

"न्हाई वाचणार. त्याच्या लेकीला ह्यो माणूस ठाऊक न्हाई. मलाबी न्हाई."

अप्पांनी शाळेच्या चेअरमनकडं बघितलं. चेअरमननी हेडमास्तरांकडं. मी गौरीला कडेवर घेतलं आणि तिला बसमधल्या लिंबाचा किस्सा सांगायला लागले.