आडोशाची नऊ गुरं

त्याच्या खिशात कंगवा कुणी कधी पाहिला नाही, खरारा मात्र कायम असायचा. लाकडी पाठीचा, दात झिजलेला, हाताच्या घामाने काळा पडलेला. स्वतःचे केस वाऱ्यावर सोडलेले, पण गाईच्या पाठीवर एक केस उलटा गेलेला त्याला खपत नसे. सकाळी धारा काढून झाल्या की तो एकेका गुराचं अंग घासायला घ्यायचा. मानेपासून सुरुवात, शेपटीच्या बुडाशी शेवट. म्हणून सगळं खोरं त्याला तोंडावर काका म्हणे आणि पाठीमागे खरारा. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं नाव जास्त आवडत होतं.

हे वेड कुठून आलं, ते त्याने एकदाच सुनेला सांगितलं होतं. तो लहान असताना एक व्यापारी गोठ्यात आला होता. वडिलांच्या गाईकडे बघून म्हणाला, "हिच्या हाडांवर कपडे वाळत घालता येतील की!" व्यापारी हसला ते एक वेळ ठीक होतं, पण त्याच्यासोबत वडीलही हसले. ते हसणं त्याच्या कानात राहून गेलं. पुढे माणसं गेली, गुरं बदलली, गोठ्याचं छप्परही दोनदा बदललं. हसणं होतं तिथेच राहिलं.

त्याच्याकडे एकवीस गुरं होती. चरासारख्या एका कोरड्या ओढ्यापलीकडे त्याची धाकटी बहीण राहायची. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, सात गाई. सातही तिने स्वतःच्या हाताने वाढवलेल्या, एक तर बाटलीने दूध पाजून. ती तांबडी. बहिणीचा दिवस त्या सातांच्या हंबरण्याने उघडायचा आणि त्यांच्या रवंथावर मिटायचा. संध्याकाळी ती ओढा ओलांडून भावाकडे यायची, पायरीवर टेकायची आणि "दादा, तुझी पांढरी आज लंगडते बघ" असं काहीतरी सांगून जायची. एवढंच. पण ती आली नाही की त्याला जेवण गोड लागत नसे.

पावसाने दगा दिला त्याचं ते दुसरं वर्ष होतं. कुरणं आधी पिवळी पडली, मग करडी, मग नुसती जमीन उरली. तळ्याचा तळ तडकला. बादल्या मोजून पाणी देण्याची पाळी आली, तेव्हा सरकारी पशुसंवर्धन कार्यालयाकडून एक पत्रक आलं. मुलगा दूरच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे घरात वाचायचं काम सुनेकडे. तिने जेवणाच्या टेबलावर पत्रक पसरून सासऱ्याला समजावून सांगितलं.

"मामंजी, खोऱ्यातले साठ कळप कुणी तपासत बसणार नाही. चिठ्ठ्या टाकून सहा निवडलेत. गुरांचे डॉक्टर येणार, एकेका गुराला एक ते पाच गुण देणार. एक म्हणजे नुसती हाडं, पाच म्हणजे लठ्ठ. सहा कळपांची सरासरी अडीचच्या आत आली, तर अख्ख्या खोऱ्याला पाऊस पडेपर्यंत चारा."

"आणि अडीचच्या वर?"

"मग बियाणं आणि सल्ला."

"सल्ला गुरं खात नाहीत," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगते. सहांत आपला कळप आहे."

ही बातमी खोऱ्यात पसरायला अर्धा दिवसही लागला नाही. पलीकडच्या टेकडीवरचा मेंढरवाला खास भेटायला आला. "काका, आता आठ दिवस तो खरारा कुलपात ठेवा. नाहीतर असं करा, गुरांना सुनेच्या हातचं खायला घाला, आपोआप वाळतील."

"तुम्ही महिन्यातून चार वेळा इथेच जेवता," सून आतून म्हणाली, "तुम्ही कुठे वाळलात?"

मेंढरवाला हसला, तोही हसला. पण मेंढरवाला गेल्यावर गोठ्यात उभा राहून त्याने गुरांवरून नजर फिरवली. बारा बरी होती. नऊंच्या बरगड्या दारातूनच मोजता येत होत्या, खुब्याची हाडं कातड्याखालून वर आली होती. अशी गुरं परक्या माणसासमोर उभी करायची, या विचाराने ते जुनं हसणं त्याच्या कानात पुन्हा वाजलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर त्याने ती नऊ गुरं सोडली आणि ओढ्यापलीकडे नेली.

"यांना उद्या दुपारपर्यंत तुझ्याकडे ठेव," तो बहिणीला म्हणाला.

तिने गुरांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "दादा, ती बाई डॉक्टर आहे. डॉक्टरपासून दुखणं लपवतात का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ रिकामी असली तर उघडूनच दाखवावी. त्याशिवाय कुणी काही घालत नाही तिच्यात."

"अगं, साठ कळपांचं खोरं हे! माझ्या नऊ गुरांनी काय आभाळ कोसळणार आहे? सगळ्यांची हाडं दिसताहेत, माझी नाही दिसली तर बिघडतं कुठे?"

लहानपणापासून तिची ही सवय, दादाने आवाज चढवला की ती कामाला लागायची. तिने गोठ्याचं फाटक उघडलं. आपल्या सात गाईंना एका बाजूला रेटून नऊंना जागा केली आणि आपल्या टाकीतलं पाणी त्यांच्यासमोर ठेवलं. त्या वर्षी पाणी असं कुणी कुणाला देत नव्हतं.

डॉक्टर सकाळी आली. तरुण, उन्हाने रापलेली, बुटांवर पाच गोठ्यांची धूळ. बारा गुरं रांगेत उभी होती, अंग असं चकचकीत की उन्हात डोळे दिपावेत. तिने एकेकीच्या पाठीवर, बरगड्यांवर, शेपटीच्या बुडाशी हात फिरवला आणि वहीत आकडे लिहिले.

"काका, कागदावर एकवीस आहेत."

"नऊ विकली."

"कधी?"

"मागच्या बाजारात."

तिने वहीत नऊ आकड्यांवर रेघ मारली. सून दारात उभी होती. ती आत निघून गेली, आणि आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. कुंपणापाशी बहीण उभी होती. तिने मान खाली घातली. जाताना डॉक्टर म्हणाली, "छान ठेवलीत गुरं." तो दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत होता.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. सरासरी दोन पूर्णांक सहा. खोरं दुसऱ्या यादीत गेलं. एका दशांशाने.

त्या संध्याकाळी त्याच्या अंगणात पाच-सहा जण जमले. एकाला वाटलं वजनकाटा चुकला, तर दुसरा म्हणाला वजनकाटा नव्हताच. मेंढरवाला म्हणाला, "आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना." पत्रकात खाली लिहिलं होतं की पंधरा दिवसांत हरकत घेता येईल. पण हरकत कसली घ्यायची, ते कुणालाच कळेना. ज्याला कळत होतं तो खांबाला टेकून, खिशातल्या खराऱ्याच्या दातांवरून अंगठा फिरवत उभा होता.

तिसऱ्या दिवशी बहीण आली. पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"दादा, माझ्याकडे आठवडाभराचा चारा आहे. काही करता येईल का?"

"बघू," तो म्हणाला.

पुढे कितीतरी वर्षं त्याला हाच शब्द टोचत राहिला. तिने त्याला दार उघडून दिलं होतं. ते काम तिचं नव्हतंच, त्याचं होतं, आणि ती तिथे उभी राहून वाट पाहत होती. त्याने "बघू" म्हटलं आणि गुरांना पाणी पाजायला वळला.

पाचव्या दिवशी तो कार्यालयात गेला. लांबलचक खोली, तीन खिडक्या, एकच उघडी. कारकून डबा बंद करत होता. "हरकत? कुणाविरुद्ध?"

त्याने तोंड उघडलं. मागे रांगेत खोऱ्यातलेच दोघे होते. त्यांच्यासमोर सांगायचं होतं, की डॉक्टरशी खोटं बोललो, गुरं लपवली, तुमचा चारा माझ्यामुळे गेला.

"चाऱ्याच्या बियाण्याचं पत्रक मिळेल का?" तो म्हणाला.

रंगीत छपाईचं पत्रक घेऊन तो घरी आला. सुनेने ते उलटून पाहिलं. "एवढ्यासाठी गेला होतात?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडे ट्रक लागला. त्याला दिसला, पण तो गेला नाही. थोड्या वेळाने ट्रकवालाच आला. "काका, बहीण बोलावतेय. तांबडी काही चढत नाही."

सहा गाई वर चढल्या होत्या. तांबडीने फळीवर पाय ठेवला नव्हता. कासरा ताणून ताणून बहिणीचे तळहात लाल झाले होते.

"तूच चढव," ती म्हणाली. "तुझा हात ओळखते ती."

"विकू नकोस," तो म्हणाला. "थोडं थांब."

"आठ दिवस थांबले, दादा."

त्या क्षणी त्याला कळलं, की निकालाच्या दिवसापासून तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणारच होतं. ती नऊ गुरं तिच्याच गोठ्यात उभी होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालासुद्धा नाही. त्याने आपणहून बोलावं म्हणून ती स्वतःचा चारा संपेपर्यंत गप्प राहिली होती.

त्याने खिशातून खरारा काढला. तांबडीच्या मानेवरून हळूहळू फिरवू लागला, तोंडाने पुटपुटत, एकेक पाऊल पुढे सरकत. तांबडीने मान सैल सोडली आणि त्याच्या मागोमाग फळीवरून ट्रकात चढली. आयुष्यभर ज्या हाताचं कौतुक झालं, तो हात त्या दिवशी या कामी आला. खाली उतरल्यावर त्याने खरारा तिच्या रिकाम्या गोठ्यातल्या खिळ्याला अडकवला आणि मागे न बघता ओढा ओलांडला.

दहाव्या दिवशी तो पुन्हा त्याच खिडकीपाशी उभा होता. बाजूला सून.

"हरकत कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

कारकुनाने मान वर केली. "अशी हरकत घेता येत नाही. आमची चूक असेल तर हा अर्ज. तुमची चूक असेल तर..." त्याने खण उघडला, बंद केला. "तुमच्या चुकीचा अर्ज अजून छापलेला नाही."

"कोऱ्या कागदावर लिहून घ्या," सून म्हणाली. "ते सांगतील."

त्याने सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. मागचा एक जण रांग सोडून बाहेर जाऊन उभा राहिला, तेवढंच.

डॉक्टर परत आली. या वेळी नऊ गुरं पुढे होती. तिने पहिलीच्या बरगड्यांवर बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका."

"हो."

"इथून निघताना मला बरं वाटलं होतं. म्हटलं, या खोऱ्यात एक माणूस तरी तयारीत आहे." तिने वही मिटली. "चारा येईल. पण आता रांगेत तुमचं खोरं शेवटी. महिना तरी लागेल."

पाच आठवडे लागले. चाऱ्याचे ट्रक आले तेव्हा खोऱ्यातून तांबडीसारखी कितीतरी गुरं गेली होती. गठ्ठे गुरांच्या संख्येवर वाटले गेले. बहिणीच्या नावापुढे काहीच नव्हतं, म्हणून तिला काहीच मिळालं नाही. पण गठ्ठे उतरवायला ती सगळ्यांच्या आधी आली होती. मेंढरवाल्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, बहुतेक बैल गेला आणि झोपा केला असंच काही. तिला पाहून त्याने ते गिळलं.

पाऊस आल्यावर त्याने आपली सगळ्यात चांगली गाय दोरीला धरून ओढ्यापलीकडे नेली.

"एका गाईसाठी गोठा कोण झाडत बसणार?" ती म्हणाली. "ने परत. भिजतेय बिचारी."

रागावली असती, रडली असती, तर त्याच्याकडे बोलायला काहीतरी होतं. तो गाय घेऊन परत आला. रिकाम्या हाताने परत येणं त्याला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी कार्यालयाने दुष्काळाच्या तयारीसाठी खोऱ्याला एक चारा कोठार मंजूर केलं. बऱ्या वर्षात प्रत्येकाने गठ्ठे आणून टाकायचे, वाईट वर्षात गुरांच्या हिशेबाने न्यायचे. जागा हवी होती, कोरडी, छप्पर असलेली, गुरं नसलेली. अशी जागा खोऱ्यात एकच होती, बहिणीचा रिकामा गोठा. किल्लीही तिच्याकडेच दिली गेली. गव्हाणी काढून तिथे फळ्या टाकल्या. खिळ्यावरचा खरारा मात्र कुणी हलवला नाही. त्याने तो मागितला नाही आणि तिनेही तो आणून दिला नाही. त्याची गुरं आता धुळीनं माखलेली असतात. नवीन लोकांना त्याचं नाव खरारा का पडलं, ते सांगावं लागतं.

ती आता संध्याकाळी पायरीवर येत नाही. वाईट वर्षी उन्हाळा लागला की तोच ओढा ओलांडून जातो. दारात उंच टेबल आहे, टेबलावर वही, वहीमागे ती, डोळ्यांवर चष्मा. ती वर न बघता विचारते.

"गुरं किती?"

"एकवीस."

तेव्हा ती चष्म्यावरून बघते. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ. नंतर पेन उचलते.

"सगळी धरून ना, दादा?"

"सगळी धरून," तो म्हणतो, आणि गठ्ठा उचलायला वाकतो.