लाकूड बोलतंय

लाकडाचा भुसा आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी साठतातच. नेदरलँड्समधल्या फोरबर्ग गावच्या आमच्या स्पीकरच्या वर्कशॉपमध्ये तर फारच. २००५ च्या सुमारास मी तिथे सोल्डरिंगला लागले. नवरा द हेगला आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर, हाताशी पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. मालक विम, सत्तरी उलटलेले. त्यांना नुसतं 'विम' म्हणायला जीभ वळेना, म्हणून मी 'विमकाका' म्हणायचे. त्याचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही.

*

काकांनी तरुणपणी घरच्या शेडमध्येच सुरुवात केली. स्पीकरचं लाकडी खोकं थरथरू नये म्हणून त्याच्या दुहेरी भिंतींत वाळू भरायची रीत होती. काकांनी समुद्रावरून सायकलवर पोती वाहून आणली. वाळू ओली, खारट. काही महिन्यांत प्लायवूड फुगून फाटलं आणि गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात वाळूचा ढीग झाला. गिऱ्हाइकाचा निरोप आला, "आवाज उत्तम आहे. फक्त एक फावडं पाठवा."

*

मग स्टीरिओ आला. तोवर कपाटाएवढा एकच स्पीकर पुरायचा, आता दोन हवेत. एका बाईंनी दुसरं कपाट घरात घ्यायला साफ नकार दिला. नवऱ्याने ते शेजाऱ्याकडे, मधल्या भिंतीला लावून ठेवलं. बिचारा शेजारी निम्मा ऑर्केस्ट्रा ऐकतच म्हातारा झाला.

*

काकांची परीक्षा एकच. पडद्यामागे नवा स्पीकर आणि शेजारी त्यांची बायको, रीटकाकू. टेपवर काकूंच्याच आवाजात वाटाण्याच्या सुपाची कृती. कधी टेप वाजायची, कधी काकू स्वतः तेच वाचायच्या. टेप असली की काका म्हणायचे, "लाकूड बोलतंय," आणि खोकं पुन्हा उघडायचं. काकू असल्या की म्हणायचे, "रीट, ये बाहेर." चुकत कधी नसत. आयुष्यात एकदा तरी टेपला फसायचंय, एवढीच त्यांची हौस होती.

एकदाच चुकले, तेही उलटं. माझ्यासमोर म्हणाले, "लाकूड बोलतंय." पडदा बाजूला सारून काकू बाहेर आल्या. "टेप बंद आहे, विम. मला सर्दी झालीय."

*

धंदा तेव्हा आटतच चालला होता. एक तरुण जोडपं आलं, गाणं ऐकून दोघांचे डोळे भरले. मग मुलीने खिशातला प्लेअर काढून विचारलं, याच्या मापाचे स्पीकर मिळतील का? काका त्यांना दारापर्यंत सोडून आले.

त्याच वर्षी हिवाळ्यात काकू गेल्या. वर्कशॉप बंद करायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं. या देशात मला माझ्या नावाने ओळखणारी तेवढीच एक जागा होती.

*

शेवटची जोडी तयार झाली. काका म्हणाले, परीक्षा घेऊ. मी पडदा ओढला, मागे जाऊन टेप लावली. काकू वाटाणे भिजवायला सांगू लागल्या. फटीतून काका दिसत होते, डोळे मिटून खुर्चीत बसलेले. कृती संपली. मी टेप बंद केली आणि 'लाकूड बोलतंय'ची वाट पाहत राहिले.

काका म्हणाले, "रीट, ये बाहेर."

मी पडद्यामागेच उभी राहिले.