साडूंनी आणलेली बॅटरीची जोडी

ज्याच्यावर जन्मभर जळत राहावं असा एकच माणूस देवाने मला दिला, आणि तोही नेमका साडू करून दिला. परक्यावर जळणारा माणूस चार दिवसांनी थकतो. साडूवर जळायला मात्र सरपण घरातूनच मिळत राहतं. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, दोघीही अल्लीपुरातच दिलेल्या, आणि दोन घरांच्या मध्ये एक गल्ली. तिकडे काहीही नवीन आलं की इकडे माझा उद्धार ठरलेला. "भाऊजींनी ताईले शिलाई मशीन आणली," असं म्हणून आमची मंडळी माझ्याकडे अशी बघायची, की जणू मी ती मशीन हिंगणघाटच्या दुकानात बघून मुद्दाम सोडून आलो होतो. बरं, माणूस वाईट असता तरी सोय होती. तेही नाही. उंचीने आढ्याला टेकणारा, आवाजाने दणदणीत, कुणाच्याही लग्नात आचाऱ्याआधी हजर, आणि गल्लीत शिरण्याआधी असा खाकरणारा, की अर्ध्या गावाला कळावं. कुठलंही महत्त्वाचं काम करण्याआधी ते खाकरायचे. जेवायला बसताना, सौदा ठरवताना, कोर्टात साक्ष देताना. एकदा तर न्यायाधीशांनी पाणी मागवलं होतं म्हणे.

तेव्हा नागपूरची राजधानी अजून गेली नव्हती. सेलूकडच्या एका मालगुजाराने आपल्या वाडीतला जुना ट्रॅक्टर काढायचा ठरवला आणि आमच्या साडूंनी तो घेतला. कधीकाळी तो लाल असावा. पण तो घेण्यासाठी त्यांना आपली बैलजोडी विकावी लागली. चांद्या आणि मुंगश्या. अशी जोडी तालुक्यात नव्हती. तळेगावच्या बाजारातले व्यापारी घरी येऊन बसले होते, पण साडूंनी ती मला दिली, आणि व्यापाऱ्यापेक्षा स्वस्तात दिली. "तुमच्याकडं राह्यतील तर डोळ्यापुढं राह्यतील," म्हणाले. उपकारच की! मी तो उपकार घेतला आणि त्याच दिवसापासून मला अपचन झालं. कारण वैरण मी टाकायचो, पाणी मी दाखवायचो, पाठीवरून हात मी फिरवायचो, आणि हे महाशय गल्लीतून नुसते खाकरले की दोघेही तोंडातली वैरण टाकून, दावं ताणून, माना वर करून उभे! ते पुढे निघून जायचे. बैल मात्र कितीतरी वेळ तसेच बघत राहायचे, आणि मी हातात वैरणीची पेंढी घेऊन त्यांच्याकडे बघत राहायचो.

ट्रॅक्टर आला, पण साडूंच्या डोक्यातून बैल गेले नाहीत. थांबवताना ब्रेक दाबत दाबत तोंडाने "हो, हो, हो" म्हणायचे. उन्हात उभा राहिला की त्याच्या इंजिनावर ओलं पोतं टाकायचे. त्यातून त्याची बॅटरी मालगुजाराच्या काळातली. ती हळूहळू गळाठली. मग हॅंडल मारणं आलं. हॅंडल एकदा उलटं फिरलं आणि साडूंचा अंगठा पंधरवडाभर वांग्यासारखा झाला. तेव्हापासून ते ट्रॅक्टर मारुतीच्या देवळामागच्या चढावर उभा करू लागले. सकाळी चाकाखालचा दगड काढायचा, उतारावरून सोडायचा आणि गिअर टाकायचा. त्या वेळी गावातल्या बाया पाण्याला जाताना आधी चढाकडे बघायच्या आणि मगच रस्ता ओलांडायच्या. एकदा सुरू झाला की बंद करायचा नाही म्हणून साडू दुपारची भाकर चालत्या इंजिनाशेजारी बसून खायचे आणि बायकोशी ओरडून बोलायचे. घरातल्या खाजगी गोष्टी त्या दिवसांत साऱ्या शिवाराला कळल्या.

हे सगळं मी आनंदाने पाहत होतोच, पण खरी मेजवानी मिळाली ती पोळ्याला. गावात सगळ्यांच्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहणार आणि आपण रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून साडूंनी ट्रॅक्टरच सजवला. झुली, घुंगरं, पुढच्या दिव्यांना बेगड. बैल बुजू नयेत म्हणून पाटलांनी इंजिन बंद करायला लावलं. पूजा झाली, झडत्या म्हणून झाल्या, तोरण तुटलं, पोळा फुटला. साडू खाकरले आणि त्यांनी इंजिन सुरू करायचा खटका दाबला. ट्रॅक्टरने एक उसासा टाकला. दुसऱ्यांदा तोही टाकला नाही. लोक हसून हसून एकमेकांवर पडले. शेवटी कुणीतरी साखळी आणली आणि ट्रॅक्टर ओढून न्यायला जोडी जुंपली. जोडी कुणाची? माझी! साडूंचे बैल, माझ्या दावणीचे, साडूंचा ट्रॅक्टर ओढत साऱ्या गावातून चालले आणि मी कासरा धरून पुढे. आयुष्यात एवढा गोड पोळा मला पुन्हा मिळाला नाही.

साडूंना मात्र ते फार लागलं. आठवडाभर ते गल्लीत खाकरले नाहीत. मग एक दिवस येऊन म्हणाले, "साडभाऊ, पुढच्या पोळ्याले खटक्यासरशी उठला पाह्यजे. नाई उठला तर तो ट्रॅक्टर मी भंगारात देईन आन् पोळ्याले पुन्हा तोंड नाई दाखवणार." असं म्हणून ते हिवाळा-उन्हाळा बॅटरीचीच भाषा बोलू लागले. जो भेटेल त्याला विचारायचे. मोटारवाल्याला, सिनेमाच्या तंबूवाल्याला, पोस्टमनला. आणि खरेदीचा दिवस ठरला तेव्हा मला बरोबर घेतलं. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं? तर म्हणाले, "जोडी पाह्याले एकट्यानं जात नाई. सोयरा सोबत लागते."

जोडी हा शब्द मी तेव्हा नुसता ऐकला. त्यांच्या मनात काय आहे ते वर्ध्याच्या दुकानात कळलं.

निघताना त्यांनी बॅटरीच्या खोक्याच्या लांबीएवढी एक तुराटी मोडून माझ्या हातात दिली होती, रुंदीची दुसरी स्वतःच्या पागोट्यात खोचली होती. दुकानदार हिंदी बोलणारा, शांत माणूस. त्याने आपलं रीतीने विचारलं, "कितने वोल्ट की चाहिए?" साडूंनी उत्तर न देता फळीवरच्या बॅटऱ्यांभोवती एक फेरी मारली, थोडे लांब उभे राहून डोळे बारीक करून पाहिलं, जवळ येऊन एकेकीच्या कुशीवर थाप मारली. मग एकीचं बूच फिरवून काढलं, आत वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "दात चांगले हायेत." आतल्या शिशाच्या पट्ट्या होत्या त्या. नंतर प्रत्येक बॅटरी उचलून वजन पाहिलं. जी जड ती बाजूला. यावर दुकानदार हसेल म्हणून मी वाट पाहत होतो, तर तो म्हणाला, "सही पकडा. भारी मतलब अंदर शीशा ज्यादा." माझं तोंड कडू झालं. पुढे दुकानदाराने अधिक आणि उणे अशी दोन टोकं समजावून सांगितली, जुन्या ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला कुठलं टोक जोडतात आणि उलटं केलं तर काय जळतं ते सांगितलं. साडू म्हणाले, "म्हणजे एक शिंग डाव्या अंगाचं, एक उजव्या अंगाचं. असं सांग ना गड्या!" तारा किती लांब आहेत, कुठलं शिंग कुठल्या बाजूला आलं म्हणजे तार पोचेल, हे त्यांनी दुकानाच्या फरशीवर खडूने अख्खा ट्रॅक्टर काढून दाखवलं. गिऱ्हाइकं त्या ट्रॅक्टरला वळसा घालून जाऊ लागली.

शेवटी सहा व्होल्टची एक काळीभोर, जाडजूड बॅटरी दोन्ही तुराट्यांना बरोबर उतरली. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात साडूंनी खांद्यावरचा दुपट्टा दुकानदाराच्या हातावर टाकला आणि बैलबाजारासारखी त्याखालून त्याची बोटं धरली. दुकानदार घाबरून माझ्याकडे बघू लागला. "भाई साहब, दाम तो लिखा हुआ है," तो म्हणाला. साडूंनी खेदाने दुपट्टा काढला आणि म्हणाले, "बरं, राह्यलं. आता इच्या जोडीची दुसरी दाखव."

"एक ही लगती है," दुकानदार म्हणाला.

"एकटा बैल कोणी घेते का?" साडू म्हणाले.

त्याने परोपरीने सांगितलं. सोयरा म्हणून मीही सांगितलं. पण जोडी फोडून नेली तर मागे राहिलेली झुरते, असं त्यांचं ठाम मत. दोन घेतल्याच. त्यात तेजाब भरून चार्जिंगला ठेवायच्या होत्या, तर हे घरी यायला तयार नाहीत. नव्या जनावराला परक्या गोठ्यात एकटं सोडत नाहीत म्हणून दुकानाच्या ओट्यावरच त्यांनी मुक्काम ठोकला. मी एकटाच परत आलो आणि बायकोला मोठ्या हौसेने सगळा मूर्खपणा रंगवून सांगितला. ऐकून ती म्हणाली, "किती जीव लावते माणूस!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात सगळे बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळत होते. साडूंनी बॅटरीची दोन्ही शिंगं लोण्याने मळली आणि बैलांना म्हणतात तसं हात जोडून तिला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." पोळ्याच्या सकाळी मला हाक मारून चढावर नेलं. खाकरले, अंगठा टेकवला. ट्रॅक्टर असा उठला की मी दचकून मागे सरलो. पुन्हा बंद केला, पुन्हा उठवला. पोरगी पहिल्यांदा चालली की बापाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. मी "छान" म्हटलं. पण दिवसभर मला घास गेला नाही. संध्याकाळी सारं गाव तोंडात बोटं घालणार, आणि घरी गेल्यावर पुढचं वर्षभर मला ते ऐकावं लागणार, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी बैल येण्याआधीच साडूंनी ट्रॅक्टर मैदानाच्या कडेला आणून बंद केला. मग जोड्या आल्या. माझी शेवटून तिसरी लागली. पूजा झाली, पोळा फुटला, पण निम्मे लोक हललेच नाहीत. सगळ्यांना खटका बघायचा होता. पोरंसोरं ट्रॅक्टरला चिकटून उभी होती. साडूंनी पागोटं सारखं केलं, सगळीकडे एकदा पाहिलं आणि दणदणीत खाकरले.

झालं! चांद्या आणि मुंगश्या यांनी माना वर केल्या. मी कासरा आवळला, पण त्यांनी मलाच ओढत नेलं आणि गर्दीतून वाट काढून दोघे ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन, पाठ फिरवून, शेजारी शेजारी उभे राहिले. गेल्या वर्षी जुंपले होते अगदी तिथेच. साखळीची वाट बघत! लोकांमध्ये असा हशा उठला की देवळावरची कबुतरं उडाली. मी ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या. ते जागचे हलेनात. चांद्या तेवढा मान वळवून मागे साडूंकडे बघत होता.

साडूंचा अंगठा खटक्यावर होता. मी खालून तो पाहत होतो. नुसता दाबायचा अवकाश होता. त्यांनी चांद्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरला चिकटलेल्या पोरांकडे पाहिलं. मग अंगठा सावकाश काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसली बापा, बॅटरी बसली! आणा साखळी."

पुढचं काय सांगू? लोक वर्षभर बोलत राहिले. जोडीने बॅटऱ्या आणल्या आणि दोन्ही मेल्या, असं ज्याने त्याने आपल्या पदरचं जोडून सांगितलं. मी कासरा धरून चाललो होतो आणि मागे ट्रॅक्टरवर बसून साडू लोकांबरोबर हसत होते. मी वर्षभर ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर घडत होतं, आणि मला ते गिळवत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "साडभाऊ, काऊन केलं असं? सकाळी तर..."

ते खाली उतरून चांद्याच्या कानामागे खाजवत होते. "मागून एकाएकी दणका झाला का हा उधळते," ते म्हणाले. "लहानपणी याच्यामागं फटाके लावलते कोणीतरी. पोरं किती होती तिथं. तुमाले ठाऊक नाई?"

मला ठाऊक नव्हतं. बैल माझा होता.

ट्रॅक्टर त्यांनी भंगारात दिला नाही, पोळ्याला तोंडही दाखवलं. बोलले होते ते सोयिस्कर विसरले आणि दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने जुंपत राहिले, एकीला काम, एकीला आराम. चांद्या गेला, पाठोपाठ मुंगश्या गेला. साडूही गेले. मेल्या माणसावर जळू नये म्हणतात, पण सवय लागलेली. साऱ्या गावासमोर जिंकायचं असताना असं सहज हरता येणं मला कधीच जमलं नाही, आणि ते त्यांना जमलं, याबद्दल मी अजून त्यांच्यावर जळतो.

गोठ्यात आता दुसरी जोडी आहे, गरीब आहे, माझंच ऐकते. गल्लीतून अधूनमधून कुणीतरी खाकरत जातं. बैल वैरण खात राहतात. मान मी वर करतो.