काका म्हणतात, शेवटचं मिनिट कापून टाक

पॉडकास्टचा एक भाग चाळीस मिनिटांचा, रेकॉर्डिंग मात्र तीन तासांचं. मधलं सगळं मी कापते आणि कापलेलं फेकत नाही. लॅपटॉपवर फोल्डर आहे, नाव ‘कचरा’. खरी कॉमेडी त्यातच साचलीय! आत्ता बारावा भाग तयार आहे आणि पेंडसेकाका रोज फोन करतात, “रेणू, ते शेवटचं मिनिट काढ आणि भाग अपलोड कर बाई एकदाचा.” मी काढत नाहीये. का, ते सांगते. पण आधी ही माणसं कळू देत.

फार पूर्वी टीव्हीवर दर आठवड्याला प्रहसनांचा एक मराठी कार्यक्रम लागायचा. दहा-दहा मिनिटांच्या नाटुकल्या. त्याच्या जुन्या कॅसेट्स लावून म्हैसुरात दोन चाहते गप्पा मारतात, ते आमचं पॉडकास्ट. पेंडसेकाका पुण्याहून आलेले, इथल्या जवळच्या कडकोळच्या एका कारखान्यातून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. नाडकर्णीसर त्यांचे तिथलेच ज्युनियर, त्यामुळे अजूनही त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवतात. मी इथल्याच जुन्या मराठी घरातली, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलेली. माइक, एडिटिंग, चहा, सगळं माझ्याकडे.

*

पहिल्याच भागात काकांनी ओळख करून दिली. स्वतःची अडीच मिनिटं, सरांची एक मिनिट, डिग्र्यांसकट. मग म्हणाले, “आणि तांत्रिक मदत रेणूची. ती सध्या घरीच असते.”

 मी त्या भागातला त्यांचा एकही ढेकर कापला नाही!

*

एका नाटुकलीत जावई दार उघडतो, समोर सासू. जावई गोठतो. चार सेकंद हूं नाही की चूं नाही. मग म्हणतो, “या!” या चार सेकंदांवर काका अर्धा तास बोलले. “हे मौन बघा! आजच्या पोरांना जमेल? त्यांना सगळं फटाफट पाहिजे.” शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

मी चित्र मोठं करून बघितलं. त्या चार सेकंदांत खाली रेघा थरथरत होत्या. म्हटलं, “काका, हा पॉज आहे. कॅसेटची कॉपी करताना कुणीतरी व्हीसीआरचं बटण दाबलंय.”

काकांनी पुढे वाकून बघितलं. मग आठवलं. “हां... कॉपी बाबांनी केली होती. पाणी प्यायला उठले असतील.”

नाडकर्णीसरांनी मान हलवली. “पण टायमिंग बघा ना त्यांचं!”

*

“आमच्या वेळचा विनोद निखळ. कुणाला दुखवायचा नाही.” हे काका दर भागात म्हणतात. एकदा हे म्हणून त्यांनी लगेच लुंगीवाल्या दाक्षिणात्य ‘अण्णा’ची नाटुकली लावली. त्यात एक नट डोळे फिरवत तोंडाने नुसता खडखडाट करतो आणि लोक हसून लोळतात. हे कुठे चाललंय? म्हैसूरच्या कुवेंपुनगरात, घरमालक शिवण्णांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत, जिथे काका वीस वर्षं भाडेकरू आहेत!

आवाज ऐकून शिवण्णा वर आले. पांढरी स्वच्छ लुंगी, हातात पेपर. उभे राहून शांतपणे सगळं बघितलं. मग कन्नडमध्ये विचारलं, “पेंडसेसार, हा माणूस कुठली भाषा बोलतोय?”

वीस वर्षांत काकांना कन्नडमधली तीनच वाक्यं येतात. त्यातलं एक त्यांनी वापरलं. “गोत्तिल्ला सार.” म्हणजे, माहीत नाही!

*

आठव्या भागाखाली कमेंट आली. “तुम्ही जिला ‘ती मोलकरीण’ म्हणता, ती मी. सुमन. मुलीकडे म्हैसुरातच, विजयनगरला असते.” जवळजवळ प्रत्येक नाटुकलीत ट्रे घेऊन येणारी बाई! शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यांमध्ये तिचं नाव कधीच नाही, नुसतं ‘आणि इतर’. मी कमेंट दोनदा वाचली. म्हटलं, पॉडकास्ट करायचं सार्थक झालं. बघते तर काकांनी आधीच उत्तर दिलं होतं.

“धन्यवाद. ऐकत राहा.” आणि एक अंगठा!

मी भांडले. काका म्हणाले, “अगं, पण तिला विचारणार काय? तिला वाक्यं तरी कुठे होती?” म्हटलं, “बोलवत नसाल तर एडिटिंग दुसऱ्याकडून करून घ्या.” दुसरं कोण येणार फुकट? बोलावलं.

*

बाराव्या भागासाठी सुमनताई रिक्षाने आल्या. इस्त्रीची साडी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. पहिली वीस मिनिटं काकांनी त्यांना त्यांचाच कार्यक्रम समजावून सांगितला. त्या “हो का?” म्हणत राहिल्या.

मग काकांनी स्वतःची आवडती नाटुकली लावली. साहेब पेपर वाचता वाचता अडखळतो, चहाचा अख्खा कप मोलकरणीच्या अंगावर. ती किंचाळते, टेबलाभोवती धावत सुटते, साहेब मागे मागे रुमाल घेऊन. लोक वेडे झालेत हसून. काकांनीही डोळे पुसले.

“काय ती किंकाळी, सुमनताई! इतकी नॅचरल! कशी साधलीत हो?”

“चहा गरम होता,” सुमनताई म्हणाल्या.

नाडकर्णीसर हसले. मग थांबले.

“कोमट देऊ म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “महिनाभर डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं.”

 काकांनी माझ्याकडे बघून दोन बोटांची कात्री केली. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, “ताई, हे जरा हलकंफुलकं करून सांगता का? ऐकणाऱ्यांना मजा आली पाहिजे ना! चला, पुन्हा एकदा घेऊ.”

सुमनताईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“तेव्हाही असंच म्हणाले होते, पुन्हा एकदा घेऊ. तुम्ही हसताय ना, तो दुसरा कप आहे.”