नांग्या मोडलेले खेकडे

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते माझ्या आत्याचे. बेलापुरात प्रवरेच्या काठी खेकडे धरून, ते बाजारात विकून तिने मला वाढवले आणि मिशनच्या शाळेतून थेट पुण्याच्या कॉलेजात पाठवले. मला मात्र तिने कधी बिळात हात घालू दिला नाही. "तुजा हात लिवायचा हाय," म्हणायची. तिच्या उजव्या हाताचे पहिले बोट एका खेकड्याने धरल्यापासून वाकत नव्हते. म्हणून खेकडा बाहेर आला की आधी त्याच्या दोन्ही नांग्या मोडायच्या, मगच तो पाटीत टाकायचा. आमच्याकडे सगळेच तसे करत.

लढाईची वर्षे होती. मी प्राणिशास्त्र घेतले होते. गोड्या पाण्यातला खेकडा काय खातो आणि त्यासाठी त्याचे शरीर कसे घडले आहे, हा विषय आमचे प्राध्यापक एका विद्यार्थ्याला देणार होते. ज्याला विषय, त्याला पुढे प्रयोगशाळेत जागा. मी नदीकाठचा, म्हणून तो मलाच मिळेल अशी आशा होती. ते आम्हा मुलांना घेऊन प्रवरेवर येणार हे कळताच मी आत्याला निरोप धाडला, साहेबांसाठी मोठे खेकडे धरून ठेव.

तिने पाटीभर धरले. आणि सवयीप्रमाणे एकूणएक मोडून ठेवले.

साहेबांनी पाटीवरचे फडके उचलले. "बाई, हे काय केलंस?"

"मोडलं की. न्हाईतर पोरांस्नी चावत्याल."

"आणि तुझे हात मोडून तुला जेवायला बसवलं तर?"

मुले हसली. आत्यालाही ती थट्टाच वाटली. "मंग तुमी भरवा की, सायेब!"

साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्या घरात सगळ्यांनाच एवढी अक्कल आहे का रे?"

दुपारभर जाळी फिरवून मुलांना एकच धडका, दोन्ही नांग्या शाबूत असलेला खेकडा मिळाला. साहेबांनी पाण्याच्या घमेल्यात त्याला सोडले, आत्याचे चार-पाच सोडले आणि वर गोगलगायी टाकल्या. धडक्याने मोठ्या नांगीत शंख धरून कडकन फोडला आणि लहान नांगीने आतले मांस ओढून तोंडात घातले. मोडलेले खेकडे शंखांवर चढले, तोंड लावून पाहिले, उतरले आणि तळाचा चिखल चाटत राहिले. गोगलगायी संपल्या तेव्हा धडक्याने मोडलेल्यांतल्या एकाला उलथे केले आणि पोटाकडून खायला सुरुवात केली. त्याचे पाय हलत होते.

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. "जसं हत्यार तसं अन्न. हत्यार गेलं की आपणच अन्न."

सगळ्यांनी लिहून घेतले. मीही.

"आरं, काढा की त्याला," आत्या म्हणाली. "लई हाल हुत्यात."

"रोज तूच करतेस ना?"

"मी मोडते, सायेब, पर सांजच्याला त्ये कालवनात असत्यात. असं बघत न्हाई बसत."

कोणी काढला नाही.

स्टेशनवर साहेबांनी मला बाजूला घेतले. "शनिवारपर्यंत लहानमोठे शाबूत खेकडे पुण्यात आले पाहिजेत. नाहीतर विषय दुसऱ्याला."

"सर, मला धरता येत नाहीत."

"खेकडे विकून शिकलास आणि खेकडा धरता येत नाही? मग जिला येतो तिला सांग."

पुण्यात पोचल्यावर मी आत्याला पत्र टाकले. तिला वाचता येत नव्हते. मिशनचे मास्तर ते ओट्यावर बसून चार जणांत वाचून दाखवणार, हे धरून लिहिले.

"तीर्थस्वरूप आत्यास प्रेमाचा सलाम. आम्ही सुखरूप पोचलो. साहेब तुझी आठवण काढत होते. त्यांना आणखी खेकडे हवे आहेत, लहान आणि मोठे. या खेपेस नांग्या मोडू नकोस. दोन्ही शाबूत असतील तरच मला जागा मिळेल. एकेक वेगळा ओल्या गवतात बांध आणि शुक्रवारच्या गाडीने येणाऱ्या कोणाच्याही हाती दे. धरताना हाताला फडके गुंडाळ. तुझा आज्ञाधारक भाचा."